न भाजलेल्या केकविषयी

आमच्या भाचीला सीलिॲक हा आतड्याचा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन हे प्रथिन तिला वर्ज्य असल्यामुळे बाजारचा केक तर सोडाच, पण डबीतला हिंगसुद्धा तिच्यासाठी पारखून घ्यावा लागतो, कारण त्यात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. यंदा वाढदिवसाला तिने विस्तवाचे तोंडही न पाहिलेला चॉकलेट केक मागितला. एकादशीला पिठावाचून दहा पदार्थ उभे करणाऱ्या घराला त्याचे काय एवढे!

खजुरातल्या बिया काढायच्या, बदाम-अक्रोड भरडायचे, कोको घालून सारे मळायचे आणि भांड्याच्या तळाशी तळहाताने थापायचे. (खजुराच्या पाकिटावर बिनबियांचा असे छापलेले असले तरी मी प्रत्येक खजूर चाचपून पाहते, मिक्सरच्या पात्यात सापडलेल्या बीचा आवाज मला अजिबात सोसत नाही.) वरचा थर भिजवलेल्या काजूंचा. त्यात मध, कोको आणि खोबरेल घालून चिमटीला कण लागेनासा होईपर्यंत वाटायचे. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते, त्यामुळे फ्रिजमध्ये दगडासारखा बसलेला हा थर मे महिन्यातल्या दुपारी, गप्पा रंगायच्या आतच, बशीत ओघळू लागतो.

काजू निथळत होते, तेव्हा माझ्या मनात आले की आपण ज्याला कच्चा म्हणतो आहोत त्या केकात कच्चे आहे तरी काय? कच्च्या अन्नाचे कडवे पुरस्कर्ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास लक्ष्मणरेषा आखतात. पण कोकोच्या बिया ढीग लावून आंबवतानाच आपल्या आपण तेवढ्या तापतात आणि पुढे बहुतेक ठिकाणी रीतसर भाजल्याही जातात. आणि दुकानातला पांढराशुभ्र काजू तर वाफेतून किंवा भट्टीतून गेल्याखेरीज सहसा कवचाबाहेर पडतच नाही.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको होते. माझे आजोळ वेंगुर्ल्याकडचे. मे महिन्यात आजी मागील दारी तीन दगडांवर भोके पाडलेला पत्र्याचा डबा ठेवून काजूबिया भाजायला बसे. थोड्याच वेळात कवचांतले तेल फसफसून बाहेर येई, विस्तवावर ठिबके आणि डब्याला एकदम ज्वाळा लागत. "मागे सरा रे, तोंडार उडात!" असे ओरडत ती लांब काठीने डबा कलंडून देई आणि पेटलेल्या बियांवर माती लोटून त्या विझवी. मग आम्ही मुले दगड घेऊन फोडायला बसत असू. गर अर्धवट करपलेला, तुकडे मातीत मिसळलेले आणि बोटे अशी काळी की शाळा उघडली तरी नखांच्या कडांना तो रंग शिल्लक असे. एका वर्षी मामेभावाला धीर निघाला नाही आणि त्याने न भाजलेलीच बी दाताने फोडली. कवचातल्या चिकाने त्याचा ओठ असा सुजला आणि सोलला की त्याला पुढे कितीतरी दिवस नुसती पेज गिळावी लागली. कच्चेपणाचे कौतुक वाचताना मला हटकून तो ओठ आठवतो.

केक मात्र उत्तम झाला होता. भाचीने दुसरा तुकडा मागून घेतला आणि "मावशी, ओव्हन न लावता झाला, हे खरंच वाटत नाही," असे म्हणाली. तिला भट्टीची हकीकत सांगावी की नाही या विचारात मी होते, तोवर तिचा तिसरा तुकडाही संपला.

नेमच पाळायचा तर ओले काजू घालावे लागतील. ते खरोखरीचे कच्चे. हिरवी बी चिरून, हाताला चीक लागू न देता गर काढलेले. त्यांचा भाव ऐकून पुण्यात छाती दडपते, पण तेही एक वेळ परवडेल. मात्र हाताशी ओले काजू असताना, ओल्या नारळाच्या वाटपातली त्यांची उसळ सोडून केक करण्याइतके आमचे डोके अजून फिरलेले नाही.