चॅपलमध्ये दक्षिण कुठे?

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या एका विद्यापीठात मी प्रोटेस्टंट चॅप्लन आहे, म्हणजे विद्यापीठाची धर्मसेवक. मूळची नगरची. ही हकिकत नोव्हेंबरातल्या एका रात्रीची आणि तिच्यामागून आलेल्या दिवसाची आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रात्री दीडच्या सुमारास ड्यूटीवरच्या डीनचा फोन आला. वसतिगृहातल्या एका भारतीय मुलीचे वडील गेल्याचं घरून कळलंय, ती जिन्यात बसून आहे, खोलीत जायला तयार नाही, कुणीतरी या. आमच्याकडे रात्रीची पाळी सगळे चॅप्लन वाटून घेतात: कॅथलिक फादर, ज्यूंचे रब्बाय, इमाम आणि मी. विद्यार्थी कुठल्या धर्माचा हे बघून माणूस पाठवत नाहीत. ज्याची पाळी तो जातो. त्या रात्री माझी होती.

जिन्यात पोचले तेव्हा तिच्या हातातला फोन सुरूच होता आणि त्यातून एक मुलगा रडत रडत मराठीत बोलत होता. मी शेजारच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, "कुठली गं तू?" तिनं वर पाहिलं. "बार्शी." एवढंच. मग पुन्हा फोन.

त्या दोन-अडीच तासांत ती माझ्याशी जे बोलली ते इथे येणार नाही. या कामाचा मोठा आधार तोच आहे. इथल्या प्राध्यापकांना, वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांना बऱ्याच गोष्टी कानावर आल्या की वर कळवाव्या लागतात. चॅप्लनला, कुणाच्या जिवाला धोका असेल असे मोजके प्रसंग सोडले तर, तसं बंधन नसतं. आम्ही नोंदवही ठेवत नाही, फाइल उघडत नाही. समुपदेशन केंद्र त्याच्या जागी हवंच, पण रात्री दोन वाजता जिन्यात बसायला अपॉइंटमेंट लागत नाही, असा माणूसही विद्यापीठात हवा.

तिला दिवा लावायचा होता. आत्यानं फोनवर सांगितलं होतं, "इथं लावलाय, पण तूही तिथं लाव. पिठावर ठेव. वातीचं तोंड दक्षिणेला." आता वसतिगृहात मेणबत्तीसुद्धा पेटवता येत नाही, धूर दिसला की अख्खी इमारत रस्त्यावर येते. त्या वेळी सगळ्या आवारात ज्योत पेटवायची मुभा असलेली एकच जागा होती, चॅपल, म्हणजे विद्यापीठाचं प्रार्थनागृह. उपासनेत मेणबत्त्या लागतात म्हणून तिथे तशी सूट आहे. मी म्हटलं, चल.

आमचं चॅपल काँग्रिगेशनल या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या वळणाचं. पांढऱ्या भिंती, साध्या काचा, मूर्ती नाही, चित्र नाही, समोर एक लाकडी टेबल. ती दारात थांबली. "चालेल ना ताई? मी आत..." मी म्हटलं, "ही जागा विद्यापीठाची आहे आणि तू विद्यापीठाची आहेस. ये."

कपाटात मेणाच्या चकत्या होत्या, पण त्यांची वात सरळ उभी; तिला तोंड कुठलं? तेलाचाच दिवा हवा. इथे मी ज्याला फोन केला त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. विद्यापीठात धर्माचं काम करणारे सगळेच चॅप्लन नसतात. मला पगार विद्यापीठ देतं, म्हणून मी सगळ्यांना बांधलेली. त्याखेरीज वेगवेगळ्या चर्चांचे आणि ख्रिस्ती विद्यार्थी-संघटनांचे कार्यकर्ते असतात. इंटरव्हर्सिटी इथे १९४१ पासून आहे, क्रू १९५१ पासून. आपल्याकडे १९५४ मध्ये सुरू झालेली यूईएसआय त्याच धर्तीची. असे बरेचसे कार्यकर्ते स्वतःचा पगार ओळखीच्या लोकांकडून आणि चर्चांकडून देणग्या गोळा करून उभा करतात. अशाच एका संघटनेचा एक तरुण आमच्या आवारात काम करतो. त्याची आणि माझी मतं पुष्कळ बाबतींत जुळत नाहीत. पण त्याच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला शंभरेक पोरं जेवतात, आणि तो फोन उचलतो. पावणेचारला तो ऑलिव्ह तेल, पॅनकेकसाठी आणलेला मैदा आणि एक बशी घेऊन हजर झाला. कापूस प्रथमोपचाराच्या पेटीतला. तिनं तळहातावर वात वळली, एकदाही न चुकता, आजीनं शिकवली असणार तशी.

"दक्षिण कुठे?" तिनं विचारलं.

मी तिथे कित्येक रविवार उभी राहिले आहे, आणि मला सांगता येईना. फोनवर होकायंत्र काढलं. दक्षिणेच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे, यादवी युद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांची. त्या पाटीकडे तोंड करून तिनं दिवा ठेवला.

त्या तरुणानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिच्यासाठी प्रार्थना करू?" मी म्हटलं, मला नको, तिला विचार. त्यानं विचारलं. ती म्हणाली, "करा, पण मनात." तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि उजाडेपर्यंत तिथेच होता.

तिकडे बार्शीत वेगळाच घोळ चालला होता. तिच्यासाठी थांबायचं की संध्याकाळीच उरकायचं? ती पीएच.डी.च्या सहाव्या वर्षाला होती. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत कधीच संपली होती. शिक्षण चालू असेपर्यंत इथे राहायला त्यानं काही अडत नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी तिकडच्या वकिलातीतून नवा व्हिसा आणावा लागतो, आणि तो कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नाही. प्रबंधाची तोंडी परीक्षा जानेवारीत. काकांनी मला फोनवर घेतलं. "मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच समजवा तिला. येऊ नको म्हणावं." मी सांगितलं, तिला सगळी माहिती मिळेल एवढं मी बघते, जायचं की नाही हे तिनं ठरवायचं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या बाईंना झोपेतून उठवलं. त्यांनी काय होऊ शकतं आणि काय नाही ते तिला नीट, सावकाश सांगितलं. तिकिटाचे पैसे माझ्या हातातल्या मदतनिधीतून देता येतील हेही मी सांगितलं, म्हणजे निदान पैशाचं कारण मध्ये यायला नको.

पाचच्या सुमारास ती म्हणाली, "भडाग्नी दादा देईल. मी इथनंच बघते."

मला ते बरोबर वाटलं की चूक, हे कुणी विचारू नये. तो निर्णय तिचा होता, आणि तो घेताना कुणी तिच्या मागे लागलं नाही, एवढीच माझी जबाबदारी होती.

नंतर आई फोनवर आल्या. आवाज बसलेला. तिच्याशी बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" नगरची म्हटल्यावर जरा बरं वाटलं त्यांना. मग, "तुम्ही चर्चच्या का?" हो, मी पाळक आहे. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तिला कसलं काही सांगू नका हं." मी म्हटलं, "नाही सांगणार."

ही भीती मला परकी नाही. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती मंडळीत आले. त्या मिशनची सुरुवात इथे न्यू इंग्लंडमध्येच झाली: १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी पावसातून गवताच्या गंजीआड थांबून प्रार्थना करत होते, त्यातून १८१० मध्ये मिशनरी पाठवणारं मंडळ उभं राहिलं, आणि १८१३ मध्ये त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल मुंबईला उतरला. त्या येण्यानं माझ्या घराला अक्षर मिळालं, माणूस म्हणून उभं राहता आलं. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे आणि राहीन. पण शोकात बुडालेल्या मुलीपुढे आपला विश्वास मांडायला बसणं हे मला माझ्याच विश्वासाच्या विरुद्ध वाटतं. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेली चांगली गोष्ट तेवढीच. पुढे तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. तेव्हा त्या आईनं मला बजावलं ते योग्यच केलं. लेक हजारो मैलांवर, मध्यरात्री एका अनोळखी बाईच्या हवाली. मी तिच्या जागी असते तरी बजावलं असतं.

अंत्यसंस्कार तिकडच्या साडेपाचला, म्हणजे आमच्याकडे सकाळी सातला. टेबलावर लॅपटॉप ठेवला. चित्र मध्येच थांबायचं, मग एकदम पुढे जायचं. भावाच्या खांद्यावर मडकं होतं. ती उभी राहिली, म्हणून मीही उभी राहिले. मडकं फुटल्याचा आवाज नेमका आलाच नाही. तिनं विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." तिनं हात जोडले आणि मग ती रडली, रात्रीत पहिल्यांदाच मोठ्यानं.

सव्वासातला त्या तरुणाच्या संघटनेची पोरं रोजच्या प्रार्थनेसाठी चॅपलच्या दाराशी आली. त्यानं त्यांना आत येऊ दिलं नाही. सगळ्यांनी बाहेर पायऱ्यांवर, थंडीत उभं राहून प्रार्थना केली आणि वर्गांना गेली. आत काय चाललंय हे त्यानं त्यांना सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

पुढचा दिवस धावपळीचा. डीनच्या कार्यालयाकडून प्राध्यापकांना निरोप, तिच्या खोलीवर सोबतीला मैत्रीण, समुपदेशन केंद्राची वेळ. पण तिचे खरे प्रश्न वेगळे होते. मेसमध्ये जेवलं तर चालेल का? सुतकात प्रयोगशाळेत जायचं का? दहावं, तेरावं इथे कसं करायचं? याची उत्तरं माझ्याजवळ नाहीत, आणि असली तरी ती मी द्यायची नाहीत. पलीकडच्या गावात एक निवृत्त मराठी इंजिनिअर राहतात, आमच्या कार्यालयाचे हिंदू सल्लागार म्हणून विनामोबदला काम बघतात. सत्तरी उलटलेली. ते आठ वाजता गाडी चालवत आले, सोबत त्यांच्या पत्नी. काकूंनी पिठलं-भात आणला होता. "कडू घास आहे बाळा, दोन घास तरी खा," म्हणून त्यांनी तिला भरवलं. हे मला जमलं नसतं. मी मराठी असूनही जमलं नसतं, कारण तो घास त्यांच्या घरातून यायला हवा होता.

दुपारी चॅपलमध्ये कुणी नव्हतं तेव्हा मी तिच्या वडिलांचं नाव घेऊन मराठीत प्रार्थना केली. ती माझी. तिच्या आईला दिलेला शब्द त्यानं मोडला असं मला वाटत नाही.

आठवड्याभरानं इमारत विभागाचा ईमेल आला: चॅपलमधली सूट मेणबत्त्यांना आहे, तेलाच्या दिव्याला नाही. मी अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांना भेटायला बोलावलं, बशी, वात, मैदा सगळं मांडून दाखवलं. नियम आता बदलला आहे. त्यात तेलाचा दिवा आहे. रात्रपाळीच्या कागदावर दक्षिण कुठे तेही लिहिलंय.

मोठा प्रश्न तसाच आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. प्रिन्स्टननं २००८ मध्ये पूर्णवेळ हिंदू चॅप्लन नेमला. तरीही कितीतरी विद्यापीठं हे काम अजून सत्तरीतल्या सज्जन माणसांच्या सवडीवर आणि रात्री गाडी चालवण्यापुरत्या त्यांच्या नजरेवर सोडतात. या मुलांकडून फी घेताना सवड बघितली जात नाही. प्रोटेस्टंट चॅप्लनची जागा इथे पिढ्यान्‌पिढ्या पगारी आहे. हिंदू चॅप्लनची जागाही तशीच पगारी असावी, असा अर्ज मी या वर्षीच्या अंदाजपत्रकाबरोबर दिला आहे. त्यावर पहिली सही फादरची आहे, दुसरी इमामांची, तिसरी रब्बायची. चौथी सही त्या तरुणाची आहे. त्यानं ती मागण्याआधीच केली.