तूच लिहून आण

सरांचं वाक्य दुपारपासून डोक्यातून जाईना. "तूच लिहून आण बाळा, मी सही करतो. कामून टेन्शन घ्यायलीस?" त्यात वाईट काही नव्हतं. आपल्याकडं शिफारसपत्र असंच मिळतं. पोरगी मसुदा नेते, सर दोन शब्द बदलतात, शिक्का बसतो. तरी वाईट वाटलंच.

अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतेय. त्यांच्या फॉर्मवर शिफारस करणाऱ्याचं नाव भरलं की खाली एक प्रश्न येतो: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिकडं विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दल 1974 चा फर्पा (FERPA) कायदा आहे. प्रवेश झाल्यावर विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहता येतात आणि त्यात ही पत्रंही येतात. हक्क सोडायची सक्ती नाही. पण विद्यार्थ्याच्या नजरेआड लिहिलेलं पत्र प्रवेश समितीला जास्त खरं वाटतं, म्हणून बहुतेकजण "सोडते" यावरच टिक करतात. म्हणजे पत्र मी लिहायचं आणि ते कधी पाहणार नाही, असंही मीच लिहून द्यायचं. अर्जाच्या शेवटी "सर्व माहिती खरी आहे" अशी सही असते. पुढं काही उघड झालं तर मिळालेली जागाही काढून घेता येते. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचतंय. सरांना माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही आठवतच नसेल का?

पत्रासोबत एक तक्ताही भरावा लागतो. या विद्यार्थिनीला किती वर्षं आणि कोणत्या नात्यानं ओळखता? स्वतंत्र काम करण्याची क्षमता, लेखन, चिकाटी यांत ती वरच्या 5 टक्क्यांत बसते, 10 की 25? ज्यानं काम पाहिलंय त्यालाच हे भरता येतं. "अभ्यासू, नम्र, होतकरू" एवढंच असलेलं पत्र वाचून समितीच्या हाती काही लागत नाही. त्यांना एखादा प्रसंग हवा असतो, काय अडलं आणि मुलीनं काय केलं ते.

तसा प्रसंग माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना माहीत आहे. गेवराईकडच्या विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर मोजायची होती. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात राहतं, त्यामुळं शेजारच्या दोन विहिरींचंही जुळत नाही. त्यात शेतीची लाइट कधी रात्री, कधी दिवसा. मोटार चालू असताना टेप सोडला की पाणी खरं असतं त्यापेक्षा खाली दिसतं. असं माप गाळायचं, की मोटार बंद करून पाणी परत चढेपर्यंत थांबून पुन्हा घ्यायचं, यावर मॅडमशी माझी चांगलीच चर्चा झाली होती. त्या काय लिहितील ते मला माहीत नाही. म्हणूनच ते पत्र मला हवंय.

पण मॅडम तासिका तत्त्वावर. कॉलेजची ईमेल नाही, लेटरहेड विभागप्रमुखांकडं, आणि यंदा त्या दुसऱ्याच कॉलेजात. फॉर्म तर संस्थेची ईमेल मागतो. जीमेल टाकली तर काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी शंका घेतात आणि वेगळी पडताळणी करतात. ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडं शिक्का नाही, शिक्का आहे त्यांना मी नीट माहीत नाही. संध्याकाळी याचंच रडू आलं. मोठ्या शहरातल्या पोरींना असले प्रश्न पडत नसतील, असंही वाटून गेलं. आईनं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेचं आधीच चालू आहे. सातबारा तारण चालत नाही, एनए प्लॉट असेल तर बघू म्हणालेत. तो विषय आज नको.

रात्री बाबासाहेबांची एक गोष्ट आठवली. कोलंबिया विद्यापीठातल्या सेलिग्मन सरांनी 1920 मध्ये लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेलना त्यांच्याबद्दल पत्र लिहिलं होतं, संशोधनात यांना मदत करा म्हणून. सेलिग्मननी बाबासाहेबांना स्वतः शिकवलेलं होतं. 1950 मध्ये औरंगाबादेत त्याच बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं. बाबासाहेबांशी माझी तुलना करायचा प्रश्नच नाही. एवढंच कळलं, की असं पत्र मागणं म्हणजे भीक मागणं नाही. शिक्षकाला विचारायचंच असतं आणि नीट विचारायचं असतं.

मग सरांचंही वेगळं दिसायला लागलं. कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फायली, हिवाळी परीक्षा, प्रॅक्टिकलचे बाहेरचे परीक्षक, सगळं नोव्हेंबरात अंगावर येतं. तीन वर्षांत त्यांच्यापुढून किती पोरं गेली असतील! ते नाही म्हणाले नाहीत. सही करतो म्हणाले, म्हणजे माझ्या शब्दावर नाव द्यायला तयार आहेत. त्यांना मसुदा न देता आठवायला मदत करायची. एका पानात त्यांनी शिकवलेले पेपर आणि गुण, सेमिनारचा विषय, प्रकल्पाचा अहवाल, कुठं अर्ज करतेय आणि का. विशेषणं एकही नाहीत. सरांनी मराठीत सांगितलं तरी चालेल, इंग्रजीत टाइप करून द्यायला विभागातलं दुसरं कुणीतरी बघता येईल. मी मात्र त्या कागदाला हात लावायचा नाही.

हे सगळं दिवाळीच्या आत. बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख 15 डिसेंबर आहे. तिकडचे, पूर्व किनाऱ्यावरचे, रात्रीचे 11:59 म्हणजे आपल्याकडं 16 तारखेच्या सकाळचे 10:29. पण त्या साडेदहा तासांवर विसंबायचं नाही. काही फॉर्म नाव सेव्ह केलं की लगेच सरांना लिंक पाठवतात, काही फी भरून अर्ज सबमिट केल्याशिवाय पाठवतच नाहीत. प्रत्येक विद्यापीठाचं आधी बघून ठेवायचं. लिंक हमखास स्पॅममध्ये जाते, तेव्हा ती जाईल त्याच दिवशी फोन करून शोधायला सांगायचं. हक्काची टिकही लिंक जाण्याआधीच करायची, कारण पत्र अपलोड झाल्यावर सहसा काही बदलता येत नाही.

मॅडमचं असं करता येईल. ईमेल त्यांच्या आत्ताच्या कॉलेजची मिळाली तर तीच द्यायची, नाहीतर जीमेल. पत्रात पहिल्याच ओळीत त्यांनी लिहावं, की अमुक वर्षी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि प्रकल्पाचं मार्गदर्शन माझ्याकडं होतं. विभागप्रमुखांनी तेवढ्याच मजकुराचा दाखला लेटरहेडवर दिला तर पडताळणीच्या वेळी उपयोगी पडेल. तो दाखला मागायला मला संकोच वाटत नाहीये, कारण तो खरा आहे.

तिसऱ्या पत्राचं अजून ठरत नाही. भूजल सर्वेक्षणच्या साहेबांनी विहिरींच्या जुन्या नोंदी बघू दिल्या होत्या, पण रिसर्चच्या कोर्सला तीनपैकी निदान दोन पत्रं शिकवणाऱ्यांचीच मागतात. सर आणि मॅडम धरून दोन होतात. म्हणजे साहेब चालतील. त्यांना विचारायचं सोमवारी, ऑफिस उघडल्या उघडल्या, मीटिंगा सुरू व्हायच्या आत.