यांना परत तिकडं का नेलंत?

हा प्रश्न मला नणंदेनं विचारला, भिशीतल्या बायकांनी विचारला, डेपोतल्या यांच्या जुन्या कंडक्टरनं पंगतीत जिलबी वाढता वाढता विचारला. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात एका विहीणबाईंनी विचारला, ज्यांची माझी ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. "2016 ला त्या मनाली-लेह रस्त्यावर, सारचूत, एवढं मरणाच्या दारातून आले, आणि 2019 ला परत लडाख? तुम्ही अडवलं कसं नाहीत हो?" मी दर वेळी हसते आणि म्हणते, "ऐकतात होय माझं!" हे साफ खोटं आहे. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी एक गोष्ट. यांना हार्ट अटॅक आला नव्हता. न्यूमोनियाही नव्हता. वय झालं म्हणूनही नाही. आजार उंचीचा. पंचविशीतल्या, व्यायाम करणाऱ्या पोरांनाही हा होतो. उंचावर हवा विरळ, प्राणवायू कमी. त्यानं फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी झिरपून फुप्फुसात भरायला लागतं. माणूस कोरड्या डोंगरावर बसून आतून बुडतो. औषध एकच, खाली उतरणं. प्राणवायू मिळाला तर तोवर धकतं. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय, तरी पुढच्या लग्नात कुणीतरी विचारतंच, "स्टेंट टाकली का?"

दुसरी गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. लोकांना वाटतं, एसटीतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरला गाडी फिरवायची हौस, आणि बायको बिचारी फरफटत मागे. सहल आखायची वही माझी होती. पोस्टाच्या काउंटरला माझ्यासमोर वर्षभर एक कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यात ऑगस्टच्या पानावर लडाखातल्या मोरे मैदानाचं चित्र: सपाट, पिवळं, मधून एक रस्ता. तो रस्ता मला बघायचा होता. यांना खरं तर गोव्याला जायचं होतं.

रजा मिळाली सोळा दिवसांची. सातारा ते मनाली 2000 किलोमीटरच्या आसपास, जायला चार दिवस, यायला चार. उरले आठ. वहीत मी आधी लिहिलं होतं: मनाली 2 रात्री, केलाँग 2, मग पुढं. नंतर पेननं दोन्हीकडं 2 खोडून 1 केला, म्हणजे लेहला दोन दिवस जास्त मिळतील. पान अजून आहे. केलाँग 10,100 फूट, सारचू 14,000 च्या वर. दहा हजारांच्या पुढं रोज झोपायची उंची दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात. मी एका रात्रीत चार हजार वाढवली, आणि सवय व्हायच्या रात्रीही रेघ मारून खोडल्या.

आणि केलाँगला सकाळी हे खोकत होते. कोरडा खोकला. लॉजचा जिना उतरून गाडीत बॅग टाकली आणि परत वर येताना मधल्या पायरीवर दोनदा थांबले. मी वरून बघत होते. "धुळीनं झालंय," असं हेच म्हणाले आणि मी ज्येष्ठमधाची काडी काढून दिली. ती काडी देताना मला कळत होतं का? मी या प्रश्नाशी कितीदा भांडलेय. तेव्हाची मी म्हणते, आम्हाला काय माहीत, आपण काय डॉक्टर आहोत! आताची मी म्हणते, एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग ओढलेला माणूस पायरीवर थांबतो, हे बघायला डॉक्टर लागत नाही. मी बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. पिवळं मैदान एका दिवसावर आलं होतं.

सारचूला संध्याकाळी पोचलो. तंबू, दोन रजया, वारा असा की कापड रात्रभर टाळ्या वाजवत होतं. यांनी डाळभाताचे दोन घास खाल्ले. अकराच्या सुमाराला मला जाग आली ती आवाजानं. वाटलं, बाहेर कुणी चहा उकळतंय. हे बसलेले होते, आडवं होता येत नव्हतं, आणि तो आवाज यांच्या छातीतून येत होता. मोबाईलच्या उजेडात नखं बघितली तर जांभळं खाल्ल्यासारखी. रुमालावर थुंकी पडली होती, फेसाळ आणि गुलाबी. अगदी फिकी गुलाबी, वाटीतल्या कोकम सरबतावर फेस यावा तशी. मी रुमालाची घडी घालून उशीखाली ठेवला. का ठेवला, देव जाणे. घडी घातली की ते झालंच नाही, असं वाटलं असेल.

तंबूवाला आला, कान लावून ऐकलं न ऐकलं आणि म्हणाला, "माताजी, नीचे. अभी."

खाली म्हणजे कुठं? नकाशावर बघा एकदा, मग मला प्रश्न विचारा. सारचूवरून लेहकडं जायचं तर आधी लाचुंग ला (तिकडं 'ला' म्हणजे खिंड), 16,600 फूट, मग तंगलंग ला, 17,480. मागं फिरायचं तर बारालाचा, 16,000. उतरायला आधी चढावंच लागतं, कुठूनही. हे म्हणत होते, "लेह... मोठं हॉस्पिटल... माघारी नको." तुकडे तुकडे, दम घेत. एसटीत गाडी फेल झाली तरी पॅसेंजर पुढंच पोचवायचे, ही सवय. लेह अडीचशे किलोमीटर. केलाँग शंभराच्या थोडं वर, आणि मागं एकच खिंड; ती ओलांडली की पुढं उतारच. तंबूवाल्यानं हे बोटांवर मोजून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी यांना न विचारता ठरवलं. मागं.

चावी यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असते. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला मिळवलेला माणूस, आमच्या मुलालाही बोलेरोची चावी देताना दोन सूचना देतो. मी हात घालून चावी काढली. यांनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता, पण धरलं. मग सोडलं. तंबूतला स्वयंपाकी पोरगा, असेल बाविशीचा, तो गाडी चालवणार होता. यांना आम्ही मागच्या सीटवर बसवलं, उशा लावून, शेजारी तंबूतला सिलिंडर. काटा अर्ध्याच्या खाली होता.

अडीचला निघालो. पुढच्या दोन तासांचं मला सलग काही आठवत नाही. दिव्यांच्या उजेडात फक्त खडी, आणि आडवं जाणारं पाणी. नंतर नकाशात बघितलं तर त्या वाटेवरच्या एका जागेचं नावच किलिंग सराय आहे. बरं झालं, तेव्हा माहीत नव्हतं. एक मात्र नशीब. दुपारी ऊन लागून बर्फ वितळतं तेव्हा तिथले नाले फुगतात. त्या वेळी पहाट होती, पाणी उतरलेलं होतं. तरी एका नाल्यात गाडी मधोमध अडली. पोरगा रेस देतोय, चाक जागच्या जागी फिरतंय. मागून आवाज आला, "दुसरा." मला वाटलं, हे बरळायला लागले. परत, "दुसरा... दुसरा." पोरग्याला कळलं. त्यानं पहिल्यातून काढून दुसरा गिअर टाकला, पाय हलका ठेवला आणि गाडी सरकली, बाहेर आली. छातीत पाणी भरलंय, डोळे मिटलेत, आणि माणूस कानानं चाक ऐकतोय. मी तेव्हा रडले, आधी नाही.

बारालाचा कधी आला, कधी गेला, कळलं नाही. सूरज तालाचं काळं पाणी मागं टाकून गाडी उतरायला लागली. दारचाच्या पुढं सिलिंडर संपला, पण घरघर कमी झाल्यासारखी वाटत होती. केलाँगच्या सरकारी दवाखान्यात रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावला तर आकडा आला 58 टक्के. दोन दिवस नळी होती. पोरग्यानं तीन हजार रुपये मागितले, मी दिले. लोकांना इथं ऐकायचं असतं की त्यानं पैसे नाकारले, हात जोडले. त्यानं मोजून घेतले आणि मालाच्या ट्रकमधून परत गेला. काम केलं, दाम घेतले. मला ते बरंच वाटलं.

आता तुमचा प्रश्न.

परत आल्यावर हे बरे झाले. एक्स-रे साफ. पण गाडीत बसायची वेळ आली की मागचं दार उघडायचे. "तू घे रे," मुलाला म्हणायचे. कोल्हापूरला जायचं तरी मागं. हे तुम्ही कुणी बघितलं नाहीत, कारण तुम्हाला त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं मी आरशात यांना मागच्या सीटवर बघत होते. म्हणून 2019 च्या जूनमध्ये मी परत वही काढली. या वेळी श्रीनगरकडून: श्रीनगर, सोनमर्ग, झोजी ला ओलांडून कारगिल, तिथं दोन रात्री, कारण कारगिल नऊ हजारांच्याही खाली आहे. फोटू ला दिवसा ओलांडायचा, लेहला तीन दिवस नुसतं पडून राहायचं. डॉक्टरांना विचारून. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, ज्याला एकदा झालं त्याला परत होऊ शकतं. गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "न जाणं सगळ्यात उत्तम." ते मी ऐकलं आणि तरी गेलो. आणि जम्मूच्या पुढं एका धाब्यावर चहा झाल्यावर हे उठले आणि मागचं न उघडता पुढचं उजवं, स्टेअरिंगकडचं दार उघडलं.

हे कारण छान आहे. नणंदेला सांगितलं तर तिच्याही डोळ्यांत पाणी येईल. पण मी ते कुणाला सांगत नाही, कारण ते पुरं खरं नाही. मुलाशेजारी पुढं बसून महाबळेश्वरला चार फेऱ्या मारल्या असत्या तरी हे कदाचित सुधारले असते. त्यासाठी 11,500 फुटांवर न्यायची गरज नव्हती. मला ते मैदान बघायचं होतं. तिसऱ्या वर्षीही बघायचंच होतं.

याला पुरावाही आहे. लेहला सगळं नीट गेलं, चिमट्याचे आकडे चांगले, खोकला नाही. सहाव्या दिवशी मी म्हटलं, तंगलंग ला करून पलीकडं मोरेपर्यंत जाऊ आणि संध्याकाळी परत, झोपायला लेहलाच. उपशीला मनालीचा रस्ता फुटतो, तिथपर्यंत हे काही बोलले नाहीत. पुलापाशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पाटीवरचं वाचत बसले. मग गाडी वळवली. मी दिवसभर बोलले नाही. म्हणजे ज्या बाईला तुम्ही "अडवलं कसं नाहीत" विचारता, ती बाई अडवल्याबद्दल रुसून बसली होती. रात्री मेतकूट-भात कालवताना हे एवढंच म्हणाले, "रुमाल मी बघितला होता त्या रात्री." मी काही उत्तर दिलं नाही.

आता यांनी सत्तरी गाठली. अटल बोगदा 2020 ला झाला, रोहतांग चढावा लागत नाही. हे लोक मला उत्साहानं सांगतात आणि मग लगेच म्हणतात, "पण तुम्ही आता जाऊ नका हं." नाही म्हणते. बोगद्यानं केलाँग जवळ आलं, सारचू होतं तेवढ्याच उंचीवर आहे, एवढं मलाही कळतं.

वहीत एक नवं पान आहे. मनाली 3 रात्री, केलाँग 3, जिस्पा 2, पुढं काही लिहिलेलं नाही. हे यांनी बघितलेलं नाही. किंवा बघितलंय, त्या रुमालासारखं.