कासला रंगवही घेऊन जाताना

चित्र काढणाऱ्यांनी कासच्या फुलांच्या पठारावर आडवारीच जावं. शनिवार-रविवारी पायवाटेवर उभं राहायला जागा मिळत नाही, मग बसून रेखाटन कुठलं! आम्ही सप्टेंबर सरता सरता गेलो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. हंगामात प्रवेशाचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. सकाळची पहिली वेळ घ्या.

बहुतेक जण दूरवर पसरलेल्या रंगांचा फोटो काढून परततात. मला मात्र तिथलं खरं चित्र पायाशी, वीतभर जागेत दिसलं. खाली जांभ्याचा कातळ, वर जेमतेम बोटभर माती, तीही निकस. म्हणून 'सीतेची आसवे' हे नखाएवढं निळं-जांभळं फूल ज्या रोपाला येतं, ते मातीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतं. शेजारचं दवबिंदू नावाचं रोप लाल केसांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकवतं. हे कळल्यावर त्या थेंबांवरची चमक नुसती पांढरा ठिपका देऊन सोडवेना. ओला जांभा जवळजवळ काळा दिसतो, पण त्यात तांबूस झाक असते. ती पकडली की तेरड्याचा गुलाबी आपोआप उजळतो. धुकं आलं तर उठू नका. हिरवा मागे सरतो आणि फुलं एकेकटी पुढे येतात. रचना शिकायला याहून चांगली वेळ नाही.

धुक्यात जलरंग लवकर वाळत नाहीत. रंगीत पेन्सिली, बॉलपेन आणि तळहाताएवढी वही पुरते. जलरंगाचं काम मुक्कामावर करा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, रेनकोट हवा. वाट सोडून फुलांत बसायचं नाही, एकही फूल खुडायचं नाही. रोपांची मुळं त्या बोटभर मातीतच असतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पठाराचा रंगही पंधरवड्यात पालटतो. गेंदाचा पांढरा सरून सोनकीचा पिवळा चढतो. जमलं तर एकाच हंगामात दोनदा जा आणि तीच जागा पुन्हा काढा.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर सातारा जिल्ह्यातलंच औंध गाठा. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. वेळ आधी विचारून घ्या आणि वही सोबत असू द्या.