आभाळ दिसेल इतकं

"फांद्यांमधून आभाळ दिसायला हवं," शिडीवरचे माळीकाका म्हणाले आणि पुन्हा पाइनच्या जुन्या सुया चिमटीने उपटू लागले. कात्री कमरेलाच!

जपानमधल्या कानाझावाच्या केनरोकुएन बागेत आज किती वेळ नुसती बघत उभी राहिले. एकेक डहाळी, हाताने.

हे फक्त शोभेसाठी नाही. दाट सुयांमुळे आत ऊन पोचत नाही, आतल्या डहाळ्या वाळतात. आणि पाइनच्या उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर सहसा पुन्हा फुटवा येत नाही. म्हणजे आज घाईने छाटलेलं कायमचं गेलं. एवढी जबाबदारी त्या बोटांवर!

पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान इथल्याच ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून घडवलंय. तिथल्या माळ्यांना हे काम कुणी शिकवतं का? माहीत असेल तर सांगा ना.