छत्तीस मीटर : पापकबुलीचा माझा अनुभव

मी गेली तेवीस वर्षे नागपुरात घरांच्या वायरिंगची कामे करतो. मेकोसाबागेच्या परिसरात राहतो, लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलो, आणि दर रविवारी उपासनेत सर्वांबरोबर गुडघे टेकून विचाराने, शब्दाने व कृतीने केलेल्या पापांची कबुली म्हणत आलो आहे. ती कबुली मला तोंडपाठ आहे. ती म्हणताना माझा आवाज इतक्या वर्षांत एकदाही अडखळला नाही, आणि खरी अडचण तिथेच होती, हे मला फार उशिरा समजले.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी सर्रास चालतात. ग्राहकाने सामान आणण्याचे काम आमच्यावर सोपवले, की दुकानदार बिलावर पूर्ण भाव लिहितो आणि आमचे कमिशन वेगळे हातात ठेवतो. दुसरी गोष्ट उरलेल्या मालाची. वायरचे बंडल नव्वद मीटरचे येते, काम कधीच नेमके नव्वद मीटरवर संपत नाही, आणि उरलेली गुंडाळी हत्यारांच्या पिशवीत जाते. ग्राहक विचारत नाही, कारण किती वायर भिंतीच्या आत गेली हे त्याला कळायला मार्ग नसतो. मी शिकाऊ होतो तेव्हापासून हेच पाहिले होते आणि पुढे स्वतः हेच करत आलो. याला चोरी म्हणतात, असे माझ्या मनात कधी आले नाही असे मी म्हणणार नाही. आले होते, पण मी त्या विचाराजवळ फार वेळ थांबत नसे.

पाच वर्षांपूर्वी धरमपेठेत एका निवृत्त शिक्षिकेच्या जुन्या घराची संपूर्ण वायरिंग मी बदलली. त्या एकट्या राहत. चार एमएमच्या वायरचे दोन बंडल आणले होते, त्यांपैकी एकातली बरीच वायर उरली, आणि ती गुंडाळी नेहमीप्रमाणे माझ्या घरी माळ्यावर गेली. महिन्याभराने मला एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्या बाईंनीच माझा नंबर दिला होता. ते म्हणाले, "बाई सांगत होत्या, ख्रिस्ती माणूस आहे, हिशेबाला चोख आहे, डोळे मिटून काम द्या."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. त्या बाईंनी माझ्या प्रामाणिकपणाला जामीन म्हणून माझ्या प्रभूचे नाव पुढे केले होते, आणि त्यांची वायर माझ्या माळ्यावर होती.

ते लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. मी त्या रात्रीपासून प्रार्थना सुरू केली, बुधवार आणि शुक्रवार उपास धरला, आणि पुढच्या रविवारी दानाच्या थैलीत नेहमीपेक्षा पाचशे रुपये जास्त टाकले. प्रार्थनेत मी म्हणत असे, "प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर." मनाला हलकेही वाटे. पण तीन आठवड्यांच्या आत एका नव्या कामाचे सामान घेताना दुकानदाराने नोटा पुढे केल्या, आणि माझा हात इतक्या सहजपणे पुढे गेला की नोटा खिशात गेल्यावर मला माझी प्रार्थना आठवली. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, आणि जे वाईट करावेसे वाटत नाही ते करतो. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर तो माझ्याविषयी लिहिला आहे असे मला वाटले.

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते माझ्याहून वयाने लहान आहेत. मला वाटले होते की ते माझ्यासाठी प्रार्थना करतील, कृपेविषयी चार वचने सांगतील आणि मी शांत मनाने घरी येईन. मी बरेच बोललो. धंद्यातील प्रलोभने, मनुष्यस्वभावाची दुर्बलता, सगळ्यांचे असेच असते, असे सारे सांगून झाले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "वायर किती आहे?"

मी म्हणालो, "थोडीच आहे, साहेब."

"किती मीटर?"

मला उत्तर देता आले नाही, कारण मी ती कधी मोजलीच नव्हती. ते म्हणाले, "आधी मोजा. मग आपण प्रार्थना करू."

त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. त्यांनी त्यानंतर बायबलमधील लेवीय या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडून दाखवला. तिथे दोषी माणसाने आपण अमुक बाबतीत पाप केले आहे असे कबूल करावे, असे सांगितले आहे. माझ्या लक्षात आले की "मी पापी आहे" हे वाक्य मला सोपे जात होते, कारण ते साऱ्या मानवजातीविषयी खरे आहे आणि त्यात माझे स्वतःचे असे काही उघडे पडत नाही. "मी त्या बाईंची इतकी मीटर वायर नेली" हे वाक्य मात्र घशातून बाहेर येत नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी माळ्यावरून गुंडाळी काढली. एकट्याने मोजता येईना, वायर पुन्हा पुन्हा वेटोळे घेत होती, म्हणून पत्नीला टोक धरायला सांगितले. तिने विचारले, "कोणाची आहे हो ही?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. टोक धरून दाराशी बसली आणि मी स्टीलच्या टेपने पाच-पाच मीटरवर खडूची खूण करत गेलो. पुढची खोली आमची लहान, त्यामुळे ती लाल वायर पलंगाखालून, टेबलाच्या पायाला वळसा घालून पुन्हा दारापर्यंत आली आणि तरी संपेना. छत्तीस मीटर भरली. पत्नी एवढेच म्हणाली, "मला 'थोडीशी' वाटली होती." मीही स्वतःला इतके दिवस हाच शब्द सांगत आलो होतो.

मग प्रश्न आला तो परतफेडीचा. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आणि लेवीयाच्या सहाव्या अध्यायात नियम स्पष्ट आहे : घेतलेले पूर्ण परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा आणखी घालावा. नव्या करारातील जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत देण्याचे कबूल केले. मी बिल काढून हिशेब केला. वायर मीटरला ६० रुपये दराने २,१६० रुपयांची होती, त्या कामावर दुकानातून मिळालेले कमिशन ७४० रुपये होते, म्हणजे एकूण २,९०० आणि त्याचा पाचवा हिस्सा ५८० रुपये. वायर वायरच्याच रूपात द्यायची आणि १,३२० रुपये पाकिटात घालायचे असे ठरले.

येथे एक गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे, कारण मीच तिच्यात काही दिवस अडकलो होतो. ही रक्कम म्हणजे क्षमेची किंमत नव्हे. जक्कयाच्या गोष्टीतील क्रम पाहावा. प्रभू येशू आधी जक्कय ज्या झाडावर चढला होता त्याखाली थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी मला उतरायचे आहे म्हणतो. चौपट देण्याची भाषा त्यानंतर येते. ज्याला आधीच स्वीकारले आहे तोच इतक्या मोकळ्या हाताने परत देऊ शकतो. मी मात्र दानाच्या थैलीत पाचशे रुपये टाकून नेमके उलटे करत होतो : ज्या देवाचे मी काही देणे लागू शकत नाही त्याला पैसे देत होतो आणि ज्या बाईंचे देणे लागत होतो त्यांना टाळत होतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले आहे की वेदीपाशी आपले अर्पण आणताना कोणाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि पुढे तो वाचताना याच प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. आमच्या शहराशी जोडलेली ती आठवण मला लहानपणापासून अभिमानाने सांगितली गेली होती. त्या प्रवचनातील एका साध्या आज्ञेपाशी मी मात्र पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा थांबलो.

शनिवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. स्कूटर कोपऱ्यावरच उभी केली आणि दोनदा परत फिरावेसे वाटले. त्यांनी चहा ठेवला. चहा येण्याआधीच मी सांगून टाकले, कारण त्यांच्या घरचा चहा पिऊन झाल्यावर मला ते बोलता आले नसते. वायर, कमिशन, रक्कम, सगळे आकड्यांसह सांगितले. त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले. मग म्हणाल्या, "पैसे घेते मी, भाऊ. पण मी तुमचं नाव चार जणांना सांगितलं आहे. त्यांना आता काय सांगू?"

मी म्हणालो, "जे झालं तेच सांगा, बाई."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. "माफ केले" असे म्हणाल्या नाहीत, आणि तशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकारही नव्हता. त्या चार जणांपैकी दोघांनी मला पुन्हा कधी बोलावले नाही. तरीही त्या दिवशी घरी परतताना स्तोत्र ३२ मधले दावीदाचे बोल मला समजले. तो म्हणतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडे झिजत होती. आपण थकलो आहोत हे मला त्याआधी माहीतच नव्हते.

बाकीच्या इतक्या वर्षांचे काय? किती घरे, किती गुंडाळ्या, याचा हिशेब लागणे अशक्य होते. ज्यांचे आठवले अशा सहा जणांकडे मी गेलो. उरलेल्यांविषयी पाळकसाहेबांनी पुन्हा गणनेचाच पाचवा अध्याय दाखवला : ज्याचे देणे आहे तो किंवा त्याचा जवळचा नातेवाईक नसेल, तर ती भरपाई परमेश्वराची होते. त्यावरून आम्ही ठरवले की ज्यांना परवडत नाही अशा घरांची वायरिंग मी महिन्यातून एक दिवस विनामूल्य दुरुस्त करावी. इफिसकरांस पत्रात चोरी करणाऱ्याला नुसते चोरी सोडायला सांगितलेले नाही, तर गरजवंताला देता यावे म्हणून आपल्या हातांनी काम करायला सांगितले आहे. मला याचा फार उपयोग झाला. रिकामा ठेवलेला हात जुन्या सवयीकडे लवकर वळतो.

पाप पुन्हा डोके वर काढत नाही, असे मी सांगू शकत नाही. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सर्वांत जास्त येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे, हे मी अनेक उपदेशांत ऐकले होते, आणि त्यातून नकळत असे समजत होतो की पाप म्हणजे हातून झालेली चूक. नव्या करारातील याकोबाच्या पत्रातले वर्णन माझ्या अनुभवाशी अधिक जुळते : वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप पूर्ण वाढले की मरणाला उपजवते. म्हणजे त्याला वाढायला वेळ लागतो, आणि तो वेळ माझ्या हातात असतो. माझ्या बाबतीत तो क्षण ठरलेला आहे. काम संपत आले, बंडलात वायर उरलेली दिसली, की मनात हिशेब सुरू होतो. त्या हिशेबाच्या मुळाशी लोभापेक्षा भीती असते, हे ओळखायला मला वर्ष लागले. मुलाची फी, पावसाळ्यातील मंदी, हातात काही उरणार नाही ही भीती. उद्याची चिंता करू नका हे वचन मी आजवर सांत्वन म्हणून वाचत होतो. आता ते माझ्या पापाच्या मुळावर घातलेली कुऱ्हाड म्हणून वाचतो.

म्हणून मी तो क्षणच काढून घेतला. काम संपण्याची वाट न पाहता, पहिल्याच दिवशी ग्राहकाला सांगतो की उरलेला माल तुमचा आहे, आणि शेवटच्या दिवशी तो त्यांच्यासमोर मोजून, कागदाची चिठ्ठी लावून देतो. दुकानदाराला कमिशन बिलातूनच वजा करायला सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, मग तुम्हाला काय उरणार?" प्रश्न खरा होता. मी मजुरीचा दर पॉइंटमागे, म्हणजे प्रत्येक दिव्या-पंख्याच्या जोडणीमागे, थोडा वाढवला आणि तो उघडपणे सांगू लागलो. काही कामे त्यामुळे गेली. शिवाय मंडळीतील एका बंधूबरोबर दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात बसतो. तो रेल्वेत नोकरीला आहे, त्याची लढाई वेगळी आहे. आम्ही एकमेकांना "कसे चालले आहे" असे विचारत नाही. या आठवड्यात काय घडले, कुठे, किती, हे विचारतो. एका शनिवारी मला हेही कबूल करावे लागले की मी दुसऱ्या एका कारागिराच्या कमिशनविषयी ग्राहकापाशी बोललो आणि स्वतःचा प्रामाणिकपणा मिरवला. येशूच्या दृष्टांतातला, मंदिरात उभा राहून मी या जकातदारासारखा नाही म्हणणारा धर्माभिमानी परुशी माझ्यात इतक्या लवकर तयार झाला होता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, ऊन तापू लागले तेव्हा, धरमपेठेतील बाईंचा फोन आला. मागच्या खोलीत एसी बसवायचा होता. मी गेलो. त्यांनी मला सामानाची यादी विचारली नाही, कोठीची खोली उघडून दिली. तिथे भिंतीतल्या खुंटीला ती लाल गुंडाळी तशीच टांगलेली होती, आणि तिच्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती : ३६ मीटर. त्या कामाला त्यातली तेवीस मीटर लागली. उरलेली मी त्यांच्यासमोर मोजली, चिठ्ठीवरचा आकडा खोडून १३ लिहिले आणि गुंडाळी पुन्हा खुंटीला अडकवली.

"चहा घेऊन जा, भाऊ," बाई म्हणाल्या.