ऑकलंडच्या विमानाआधी पोटात येणारा गोळा

मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास. तिथे थांबा, आणि मग ऑकलंडपर्यंत आणखी साडेनऊ-दहा तास. घराला कुलूप लावल्यापासून न्यूझीलंडमधल्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत सहज २४ तास जातात. सोबत सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीतले आजी-आजोबा असतील, तर निघायच्या आठवडाभर आधीपासून घरातल्या कर्त्या माणसाची झोप उडते. ही धाकधूक "काही नाही होत गं" म्हणून जात नाही. ती बहुतेक वेळा दोन प्रकारची असते: काही कामं खरंच अर्धवट असतात म्हणून, आणि पुढे नेमकं काय होणार हे माहीत नसतं म्हणून. पहिलीला तारखा लावायच्या, दुसरीला माहिती द्यायची.

तारखांपासून सुरुवात करू. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे, लहान मुलाचा पाचच वर्षांचा. त्यामुळे आई-बाबांचे पाहून झाले की मुलाचाही चालू असेल असं धरलं जातं आणि नेमका तोच संपत आलेला निघतो. न्यूझीलंड सोडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने पासपोर्ट वैध असायला हवा. व्हिसा ऑनलाइन येतो, पासपोर्टवर काही चिकटवलेलं नसतं. म्हणून तो आल्याबरोबर प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि छापील प्रत जवळ ठेवा.

तिकिटाबाबत एकच आग्रह: मुंबई ते ऑकलंड सगळा प्रवास एका पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते. शिवाय सामान सिंगापूरला उतरवून घ्यावं लागलं, तर इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. एका तिकिटावर, सामान थेट ऑकलंडपर्यंत टॅग झालेलं असेल, तर ट्रान्झिटमध्ये बसून राहायला तो लागत नाही. मुंबईच्या काउंटरवर सामानाच्या पट्टीवर 'एकेएल' (AKL, ऑकलंड विमानतळाची खूण) छापलंय ना, एवढं पाहून घ्या. मधला थांबा तीन तासांचा असला की मुलांना घेऊन धावपळ होत नाही. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवावी. चालता येत असलं तरी नोंदवावी, रांगा आणि लांबलचक कॉरिडॉर वाचतात, आणि "आम्ही चुकलो तर?" ही त्यांची सगळ्यात मोठी भीती तिथेच मिटते.

जेवणाचं बुकिंगही तेव्हाच उरकावं. शाकाहारी, जैन आणि मुलांचं जेवण आधी सांगावं लागतं, साधारण २४ तासांपर्यंत. असं खास जेवण बहुधा इतरांच्या आधी हातात येतं, त्यामुळे भुकेलं मूल रडकुंडीला येत नाही.

आता न्यूझीलंडचा खरा प्रश्न: खाण्याचं सामान. या देशाची कमाई दूध, मांस आणि फळांवर चालते. जनावरांना होणारा लाळ्या-खुरकूत आणि फळमाशी आत आली तर नुकसान प्रचंड, म्हणून विमानतळावरची तपासणी कडक असते आणि वास घेणारे कुत्रे रांगेतून फिरतात. न सांगता खाद्यपदार्थ नेलेले सापडले की जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. पण सांगितलं तर दंड नाही. भीती जाण्यासाठी एवढंच समजायला हवं: "हो, माझ्याकडे खाण्याचं आहे" असं लिहिलं की फार तर अधिकारी बॅग उघडायला लावतो, बघतो, आणि एखादी वस्तू काढून घेतो.

हे लिहायचं ते ऑनलाइन प्रवासी घोषणापत्रात. मुंबईहून निघण्याच्या २४ तास आधीपासून ते भरता येतं, फुकट असतं आणि तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचं वेगळं लागतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. पासपोर्ट, विमानाचा क्रमांक आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता हाताशी ठेवून बसलात तर माणशी दहा मिनिटं पुरतात.

काय न्यावं? कंपनीचं सीलबंद पाकीट, ज्यावर घटक छापलेले आहेत, ते सगळ्यात सोपं: चिवडा, चकली, दळलेले मसाले. घरचं नेलंच तर पारदर्शक पिशवीत, वर नाव लिहून, आणि सगळं एकाच बॅगेत सर्वांत वर. मध, पेढे, बर्फी, खवा, ताजी फळं, कढीपत्ता, कोथिंबीर घरीच राहू द्या. अख्खे धणे-मोहरीही नकोत. जे रुजू शकतं त्यावर त्यांची नजर असते. आणि एक गोष्ट सामानाच्या यादीत कधीच नसते: निघताना सासूबाईंनी भरलेली ओटी. तांदूळ पर्सच्या आतल्या कप्प्यात, नारळ हातातल्या पिशवीत, देवळातलं फूल पाकिटात. कुणी चोरून नेत नाही, लक्षातच राहत नाही. ओटी घरात भरून घ्यावी, नारळ-तांदूळ देवापुढे ठेवावेत आणि कपाळावरचं कुंकू घेऊन निघावं. विमानात मिळालेलं सफरचंदही तसंच: मुलाच्या सॅकमध्ये टाकलेलं राहतं आणि उतरल्यावर महागात पडतं. उतरायच्या आधी सगळ्या सॅक उलट्या करून पाहा. तपासणीच्या आधी टाकून द्यायचे डबे ठेवलेले असतात, तिथे टाकलेल्याला कुणी काही विचारत नाही. मळलेले बूटही घोषणापत्रात येतात. सह्याद्रीतल्या ट्रेकचे असतील तर तळव्यातली माती ब्रशने काढून धुऊन वाळवा.

"तिकडे आम्ही खाणार काय?" हा आजीचा प्रश्न असेल तर ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅम भागाचं नाव सांगा. तिथे भारतीय किराणा दुकानं आणि जेवणाची ठिकाणं ओळीनं आहेत. पोहे, तूरडाळ, गोडा मसाला पंधरा दिवसांच्या हिशेबानं बांधून न्यायची गरज नाही.

औषधं मात्र हिशेबानं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं ३ महिन्यांपुरती नेता येतात, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. घोषणापत्रात तीही लिहा. सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर चेक-इनमध्ये कधीच नको, गोठण्याची भीती असते. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, त्यामुळे इन्सुलिनची मात्रा बदलावी लागू शकते. डॉक्टरांकडून "भारतीय वेळ अमुक, तिकडची वेळ अमुक" असा कागद लिहून घ्या. गाडी लागण्याची गोळी किंवा झोपेचं औषध मुलाला पहिल्यांदा विमानात देऊ नये. काही मुलं अशा औषधानं झोपण्याऐवजी चवताळतात. विमाही घ्याच. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या उपचाराचा बराच खर्च तिथली सरकारी योजना पाहुण्यांसाठीही उचलते, पण आजारपणाचा नाही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा. ओटीपी यावा म्हणून भारतीय सिम रोमिंगवर ठेवा. प्लगच्या पिना तिकडे तिरक्या असतात. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, १०० च्या आत, त्यामुळे चालते, मात्र काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत. सिंगापूरच्या बहुतेक टर्मिनलवर सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते, म्हणून घेतलेली पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. रिकामी बाटली जवळ ठेवा.

विमानाच्या भीतीचा मोठा भाग आवाजांचा असतो, आणि आवाज आधीच माहीत असले की निम्मी भीती उरत नाही. धावपट्टी सोडल्यावर काही सेकंदांत पायाखाली धडधड आणि 'धप्प' होतं: चाकं आत गेली. मिनिटभरात इंजिनाचा आवाज अचानक खाली येतो आणि विमान खाली बसल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे विमान तेव्हाही वर चढत असतं; उड्डाणापुरता दिलेला जोर कमी केलेला असतो, आणि चढ सौम्य झाला की आतला कान फसतो. मग पंखातून 'घुंss' असा मोटरचा आवाज येतो, ती पंखाची मागची झडप आत जाते. 'टिंग' वाजलं म्हणजे बहुधा कर्मचाऱ्यांचा आपसातला निरोप असतो. उतरताना हेच उलट क्रमानं, आणि टेकल्यावर मोठी गर्जना: इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी केला जातो.

हादऱ्यांबद्दलही आधीच बोलून ठेवा. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्या पट्ट्यात उंच ढग कायम असतात, तिथे विमान थोडं हलणारच. पंख वर-खाली वाकताना दिसतात, ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. वापरात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसल्याशिवाय विमानाला मान्यता मिळत नाही. हादऱ्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न लावलेल्यांना. म्हणून दिवा विझला तरी बसलेलं असताना पट्टा सैलसर लावलेला ठेवा, झोपलेल्या मुलाचा तर पांघरुणावरून, म्हणजे तपासायला कुणी उठवत नाही. फार घाबरणाऱ्याला पंखाजवळची जागा घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं.

छाती धडधडायला लागली की श्वास बाहेर सोडण्याचा वेळ वाढवायचा. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. ज्यांना भ्रामरी येते त्यांनी तीच करावी. इंजिनाच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू जात नाही. निघायच्या दिवशी दुपारनंतर चहा-कॉफी थांबवा.

मुलाला "घाबरू नकोस" म्हणून उपयोग होत नाही. काय होणार हे क्रमानं सांगा: आधी बॅगा देणार, मग शिक्का, मग लांब चालणं, मग पट्टा. विमानातल्या संडासाचा फ्लश हवेच्या दाबानं ओढतो आणि आवाज एवढा मोठा असतो की एकदा दचकलेलं मूल पुन्हा आत जायला तयार होत नाही. झाकण खाली करा, मुलाला बाहेर काढा, मग बटण दाबा. तिथे जेट स्प्रे नसतो, ओले टिश्यू जवळ असू द्या. उतरायला सुरुवात साधारण अर्धा तास आधी होते. तेव्हा मूल झोपलेलं असेल तर उठवा आणि घोट घोट पाणी किंवा चोखायला गोळी द्या. झोपेत गिळणं कमी होतं, कानाच्या आतली नळी उघडत नाही, आणि दडे बसून दुखायला लागतं.

राहिली झोप. डिसेंबरात ऑकलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. पोहोचल्या पोहोचल्या सकाळच्या उन्हात फिरा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला या प्रवासाला पहिल्या दिवशी लागू पडत नाही. रात्री ११ ते सकाळी ७ झोपणाऱ्याच्या शरीराचं तापमान पहाटे साडेचारच्या सुमारास सर्वांत खाली असतं, म्हणजे तिकडच्या घड्याळात दुपारचे १२. त्याआधीचं ऊन शरीराचं घड्याळ मागे ढकलतं, त्यानंतरचं पुढे. आपल्याला पुढे जायचंय. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी गॉगल, टोपी, सावली; जेवण झाल्यावर मात्र चार-पाचपर्यंत बाहेर. मग रोज तासाभरानं आधी बाहेर पडायचं. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस रोज अर्धा तास लवकर झोपून लवकर उठलात तर आणखी सोपं जातं.

उतरल्याच्या दिवशी भाड्याची गाडी चालवू नका. तिकडेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सोपं वाटतं, पण न झोपलेल्या माणसाला एकपदरी पूल आणि ताशी १०० किलोमीटरचा रस्ता झेपत नाही. ऑकलंडहून रोटोरुआ या पर्यटकांच्या आवडत्या शहराला जायला तीन तास लागतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. गाडी बुक करतानाच मुलाचं आसन मागून घ्या, सातवा वाढदिवस होईपर्यंत ते कायद्यानं बंधनकारक आहे.

आणि पहिल्या दोन-तीन रात्री मूल मध्यरात्री टक्क जागं होईल, ते गृहीत धरा. मोठा दिवा आणि मोबाइल नको. मंद उजेडात काहीतरी सुकं खायला द्या, पाणी द्या, गोष्ट सांगा आणि पुन्हा आडवं करा. सकाळी कितीही झोप आली असली तरी नऊच्या पुढे झोपू देऊ नका, आणि दुपारची डुलकी तासाभरापेक्षा लांबू देऊ नका.